गाडीचा आकार, टायरमधली हवा आणि पाठीला बसणारे दणके

वाटसरू

नमस्कार मंडळी.

बरीच वर्षं वापरलेली छोटी हॅचबॅक दिली आणि उंच एसयूव्ही घेतली. कारण आई. तिला कमरेचं दुखणं आहे. हॅचबॅकमध्ये वाकून बसायचं आणि उतरताना दाराला धरून स्वतःला वर ओढायचं, हे तिला होईना. आता ती सरळ चालत येते आणि सीटवर टेकते, तो प्रश्न मिटला. पण मागच्या सीटवरून नवी तक्रार सुरू झालीय. "खालून दणके कमी बसतात रे, पण ही मला डावी-उजवीकडे फेकते."

मी स्वतः मागे बसून पाहिलं. सरळ, चांगल्या रस्त्यावर पोटातलं पाणी हलत नाही. एका बाजूचं चाक खड्ड्यात उतरलं की मात्र मान एकदम काचेकडे जाते आणि तितक्याच जोरात परत येते. शिवाय रस्त्याचा पृष्ठभाग खडबडीत असला की पायाखाली सतत खरखर जाणवते, आणि आरशातल्या मागच्या गाड्यासुद्धा थरथरताना दिसतात.

हवा मोजली तर चारही टायरांत ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) निघाली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दोन माणसांसाठी पुढे-मागे ३३ आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागे ३८ लिहिलंय. हवा भरणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मोठी गाडी आहे, ४० च पाहिजे. एका मित्राचा सल्ला उलटा: २८ वर आण, सगळा त्रास जाईल.

यातलं किती टायरमुळे आहे आणि किती गाडीच्या आकारामुळे, हे मला नीट समजून घ्यायचंय. आईसाठी सेडान बरी पडली असती का?

निवांत

जिव्हाळ्याचा विषय. वाचतोय.

टायरमिस्त्री

वाटसरू, आधी त्या ४० चा निकाल लावा, मग पुढचं बोलू.

"मोठी गाडी म्हणजे जास्त हवा" हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं आणि ते चूक आहे. आकडा ठरतो तो टायरच्या मापावरून आणि त्या टायरवर किती वजन येतं त्यावरून. मोठ्या गाडीला टायरही मोठा असतो, त्यात हवेला जागा जास्त असते, म्हणून कित्येक एसयूव्हींना हॅचबॅकइतकाच आकडा पुरतो. टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, कोरलेला ४४ किंवा ५१ पाहून तेवढी हवा भरणारेही भेटतात. ती त्या टायरची कमाल मर्यादा असते, भरायचा आकडा नव्हे. भरायचा आकडा दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तकात.

आणि तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी आहे, किंवा उभी होती तिथून जेमतेम दीड-दोन किलोमीटर चाललीय. तासभर वेगात पळवून आल्यावर ३३ चे ३६-३७ झालेले दिसतात. ते बघून हवा सोडली की गार झाल्यावर टायरमध्ये कमी हवा राहते आणि मालकाला पत्ता नसतो. ऋतू बदलतानाही तसंच होतं. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय जातात, आणि धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखादा पीएसआय आपोआप झिरपतो. म्हणून महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी स्वतःच्या गेजने मोजा. हवा भरायच्या ठिकाणचे गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतात, त्यांच्यावर विसंबू नका.

नायट्रोजनचं कोणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगतो. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. निव्वळ नायट्रोजन भरला तर झिरपणं थोडं कमी होतं. बसणाऱ्याच्या पाठीला त्याचा काही उपयोग नाही.

धुरा

सस्पेन्शन हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या ठिकाणांहून येताहेत. त्या वेगळ्या ठेवल्या की गुंता सुटतो.

रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये एकावर एक अशा दोन स्प्रिंगा आहेत. वरची सस्पेन्शनची, खालची म्हणजे टायरमधली हवा. मध्यम गाडीत सस्पेन्शनची स्प्रिंग चाकाशी मोजली तर मिलिमीटरला २५ न्यूटनच्या आसपास भरते आणि टायर २०० च्या आसपास. आकडे गाडीगणिक बदलतात, पण टायर स्प्रिंगेपेक्षा कित्येक पटींनी कडक असतो हे सगळीकडे सारखं. एका चाकावर २० किलो वजन वाढवलं तर ही स्प्रिंग ८ मिलिमीटर दबेल, टायर फक्त १.

आता ३३ चे ४० केले म्हणजे हवा २१ टक्क्यांनी वाढली. टायरचा कडकपणा जवळपास त्याच प्रमाणात, किंचित कमी वाढतो. सोयीसाठी २० टक्के धरू, २०० चे २४० झाले. दोन्ही स्प्रिंगांचा मिळून कडकपणा काढला तर तो २२.२ वरून २२.६ वर जातो. जेमतेम दोन टक्के. गाडीचं सगळं अंग सेकंदाला एक-दीड वेळा संथ वरखाली होतं ना, त्या हालचालीला एवढासा फरक कळतसुद्धा नाही. हवा २८ ठेवा नाहीतर ४५, उंचवट्यावरून उतरल्यावर गाडी तेवढीच हिंदकळणार.

४० चा त्रास होतो तो चाकाशी. चाक, टायर, ब्रेक असं मिळून चाळीसेक किलोचं ओझं वरच्या स्प्रिंगेच्या आणि खालच्या टायरच्या मधे असतं. ते स्वतंत्रपणे सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरतं, आणि तिथे टायरचाच अंमल चालतो. बारीक खडी, रस्त्याचे सांधे, डांबराच्या ठिगळाची कड, हे इतकं छोटं असतं आणि इतक्या झपाट्याने येतं की स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्याला वेळेत जागा करून देत नाहीत. ते टायरनेच गिळायचं असतं. टायर टणक असला की तो ते वर पाठवतो, मग सीटच्या रुळातून, स्टिअरिंगमधून, आरशाच्या दांडीतून ते तुमच्यापर्यंत पोचतं. तुमची खरखर ती हीच. ३३ वर आलात की ती उतरेल.

मान फेकली जाते त्याचा हिशेब निराळा. डाव्या आणि उजव्या चाकात दीड मीटर अंतर धरा. एका बाजूची चाकं ५ सेंटिमीटर खाली गेली तर गाडी दोन अंशांच्या आसपास कलेल. बसणाऱ्याचं डोकं जमिनीपासून १.१ मीटरवर असेल, सेडानमध्ये साधारण असतं तसं, तर ते ३७ मिलिमीटर बाजूला सरकेल. १.५ मीटरवर असेल तर ५०. स्प्रिंगा आणि वेग हिशेबात घेतले की प्रत्यक्षातले आकडे बदलतात, पण त्याच खड्ड्यात उंच बसलेल्याचं डोकं जास्त हलणार, यात बदल होत नाही.

त्यात अँटीरोल बारची भर. उंच गाडी वळणावर फार झुकू नये म्हणून तिला जाड बार लावतात. हा दांडा डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जखडतो. गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात तेव्हा तो काहीच करत नाही, नुसता फिरतो. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र तो पिळतो आणि त्या चाकाचा धक्का सगळ्या अंगाला देतो. तुमची गाडी गतिरोधकावर मऊ आणि एकतर्फी खड्ड्यात आडमुठी का वाटते, ते इथे आहे. त्यातून माणसाचं शरीर आडव्या हालचालीला सेकंदाला १-२ वेळांच्या टापूत सगळ्यात हळवं असतं आणि उभ्या हालचालीला ४ ते ८ च्या टापूत. कंपनांचं मोजमाप सांगणारं आयएसओ २६३१ हे मानक या हळवेपणालाच धरून आकड्यांना कमी-जास्त वजन देतं. एसयूव्हीचं डोलणं नेमकं त्या पहिल्या टापूच्या जवळ येतं.

म्हणून खरखर टायरच्या खात्यावर आणि फेकाफेक आकाराच्या खात्यावर. हवा कमी करून दुसरी जात नाही. २८ वर आणलीत तर साइडवॉल आडवी जास्त लवचिक होते, म्हणजे वळणावर आणि लेन बदलताना डोलणं थोडं वाढेलच.

मागची सीट

आईंच्या बाजूने मी बोलते, कारण मी कायम मागेच बसते आणि मला गाडी लागते.

गाडी निवडताना सगळे चालवून बघतात. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची त्याला मागे बसवून कोणी हिंडवत नाही. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, खड्डा त्याला आधी दिसतो, त्याचं अंग आपोआप सावरतं. मागच्याला काहीच कळत नाही, एकदम बसतो. आमच्याकडे गाडी घेताना मी डीलरच्या माणसाला सांगितलं की पहिली फेरी मी मागे बसून मारणार. तीन रांगांच्या गाडीत तर सगळ्यात मागे बसून बघाच. ती रांग चाकाच्या अगदी वर असते, तिथे दणका सरळ मणक्यात येतो. मधल्या रांगेत त्याच खड्ड्यात निम्मंसुद्धा जाणवत नाही.

धुरा, तुम्हाला एक विचारायचंय. खूप मऊ, पाळण्यासारख्या झुलणाऱ्या गाडीत मला मळमळतं आणि जरा कडक गाडीत बरं वाटतं. दणके कमी असून त्रास जास्त, हे कसं?

धुरा

तुमचं निरीक्षण अचूक आहे. मळमळ होते ती फार संथ हालचालीने, सेकंदाला अर्ध्याहूनही कमी वेळा. पाच सेकंदांत एक झोका, या वेगाच्या आसपास पोट सगळ्यात जास्त बिघडतं. मोटारीत एवढा संथ झोका स्प्रिंगेपेक्षा ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर आणि लागोपाठच्या वळणांमधून येतो. मऊ गाडी प्रत्येक ब्रेकला नाक खाली घालते, प्रत्येक वळणाला झुकते, म्हणजे त्या झोक्याला आणखी मोठं करते. त्यामुळे तुमच्यासाठी चालवणाऱ्याचा पाय हलका असणं हे टायर आणि सस्पेन्शन दोन्हींपेक्षा महत्त्वाचं.

सीट आसाच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) तुलनेत कुठे आहे, हा तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे. जुन्या मोटारींत मागची सीट थेट मागच्या आसावर असायची. १९३४ ची क्रायस्लर एअरफ्लो तिच्या गुळगुळीत आकारासाठी लोकांना माहीत आहे, पण तिच्यात इंजिन पुढच्या आसावर सरकवलं होतं आणि त्यामुळे मागची सीट मागच्या आसाच्या पुढे आली होती. सगळे प्रवासी दोन आसांच्या मधे. गाडी विकली गेली नाही, ही रचना मात्र सगळ्यांनी उचलली. आज "हॅचबॅक की सेडान" यावर वाद होतात, पण बसणारा दोन आसांच्या किती मधे आहे हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

मग व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. पुढची चाकं उंचवट्यावर चढली, मागची अजून खाली आहेत, तेवढा वेळ गाडी पुढे-मागे झुलते. ताशी ४० किलोमीटरला २.४५ मीटर व्हीलबेसच्या हॅचबॅकमध्ये मागचं चाक ०.२२ सेकंदांनी पोचतं, २.८५ मीटरच्या लांब गाडीत ०.२६ सेकंदांनी. लांब गाडीत तोच उंचवटा कमी कोन करतो, म्हणून झुलणं कमी. याचा बंदोबस्त कसा करायचा हे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅडिलॅकमध्ये मॉरिस ऑली या इंजिनिअरने शोधलं. गाडीवरची वजनं मागेपुढे सरकवून आणि स्प्रिंगा बदलून त्याने पाहिलं की पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा मऊ ठेवली तर प्रवास सपाट होतो. मागचं टोक उशिरा हलायला लागतं पण भरभर हलतं, म्हणून लवकरच पुढच्याला गाठतं, आणि मग दोन्ही टोकं एकदम वरखाली होतात. एकदम वरखाली होणं शरीर सहज सोसतं. पुढे-मागे झुलणं सोसत नाही.

आरसा

वाचायला छान वाटतंय, पण माझा अनुभव याच्या बरोबर उलट आहे. माझी सेडान आहे, व्हीलबेस चांगला लांब, बसायची जागा खाली. तरी भावाची एसयूव्ही माझ्या गाडीपेक्षा मऊ चालते, तुटक्या रस्त्यावर तर फारच. मग आकाराचं हे सगळं गणित गेलं कुठे?

टायरमिस्त्री

आरसा, दोन्ही गाड्यांच्या टायरचं माप सांगा.

आरसा

माझं २२५/४५ आर१७. गाडी घेतली तेव्हा १५ चं चाक होतं, मी नंतर बदललं. भावाचं २१५/६५ आर१६.

टायरमिस्त्री

मग उत्तर तुमच्या मापातच आहे. तुमचं मूळचं माप बहुतेक १९५/६५ आर१५ असणार. १९५ मिलिमीटर रुंदीचे ६५ टक्के म्हणजे साइडवॉलची उंची १२७ मिलिमीटर. आताच्या टायरची २२५ चे ४५ टक्के, म्हणजे १०१. बाहेरून दोन्ही चाकांचा व्यास ६३४ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही आणि चाक बसतंही बरोबर. पण खड्ड्याची कड आणि रिम यांच्यातलं रबर २६ मिलिमीटरनी कमी झालं. भावाकडे १४० आहे. रुंद टायर आणि मोठं अलॉय यांचं वजनही सहसा वाढतं, आणि धुरांनी ज्या थरथरणाऱ्या ओझ्याबद्दल लिहिलं त्याच्यातच ते जातं.

आमच्याकडे वाकलेली रिम आणि साइडवॉलला आलेला फुगा घेऊन येणारे बहुतेक ४५, ४० प्रोफाइलवाले असतात. ६५ वाले क्वचितच.

आणखी एक. टायरवर 'एक्सएल' लिहिलंय का बघा. तसा टायर जास्त वजन उचलतो, पण त्यासाठी त्याला हवाही जास्त लागते आणि त्याची बांधणी कडक असते. रन-फ्लॅट असेल तर त्याहून कडक. त्याची साइडवॉल हवा नसतानाही गाडी उचलून धरेल इतकी जाड असते, म्हणून त्यात हवा थोडी कमी-जास्त केल्याने साध्या टायरइतका फरक पडत नाही.

धुरा

टायरमिस्त्रींशी सहमत. आरसा, तुमच्या सेडानचे गुण कुठे गेलेले नाहीत. उंचवट्यावरून उतरताना ती कमी हिंदकळत असेल, वळणावर भावाची गाडी जास्त झुकत असेल, लक्ष देऊन बघा. छोट्या तीक्ष्ण दणक्यांत मात्र तुम्ही टायरची जागा रिमला देऊन टाकली आहे.

सेडानची एक बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. तिच्यात मागच्या सीटच्या पाठीमागे पत्र्याची भिंत आणि वर आडवी फळी असते. बंद पेटी तयार होते, अंग पिळलं जात नाही आणि मागच्या चाकांचा घुमणारा आवाज डिकीतच राहतो. हॅचबॅक आणि एसयूव्हीत बसायची जागा आणि डिकी ही एकच पोकळी, तिच्या टोकाला मोठं दार. रस्त्याच्या हादऱ्याने ते दार आणि आतली हवा मिळून घुमतात, कानाला दडा बसल्यासारखं वाटतं. हवा जास्त भरली की हा घुमारा अनेकदा वाढतो. लोक त्याला सस्पेन्शनचा आवाज समजतात आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलत बसतात.

एसयूव्हीतही दोन जाती आहेत. मोनोकॉक, म्हणजे वेगळा सांगाडा नसलेली एसयूव्ही ही बांधणीने उंच केलेली हॅचबॅक. लॅडर फ्रेमवाली वेगळी: खाली लोखंडी सांगाडा, वर रबरी बुशांवर ठेवलेलं अंग, आणि बऱ्याच वेळा मागे अखंड आस. अखंड आसात डावं चाक उचललं की उजवंही कलतं, शिवाय तो सगळा आस म्हणजे स्प्रिंगेखालचं वजन. खड्डा गेल्यावरही एक थरथर मागे रेंगाळते ती त्यामुळे. मोठ्या खड्ड्यांत या गाड्या भक्कम वाटतात, कारण टायर उंच आणि स्प्रिंगेला हलायला जागा भरपूर. चांगल्या रस्त्यावर त्या मोनोकॉकइतक्या शांत क्वचितच असतात.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः आकड्यांबद्दल.

सकाळी थंड टायरवर चारही चाकं ३३ केली आणि आईला नेहमीच्याच रस्त्याने, नेहमीच्याच वेगाने नेलं. गाडीचा आरसा स्थिर झालाय. मागून येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट आता खडबडीत पट्ट्यावरही वाचता येते. आईचं म्हणणं, पायाला मुंग्या येत नाहीत. मान फेकली जाणं तसंच आहे, धुरांनी सांगितलं होतं अगदी तसं.

मग तिला पुढे बसवलं. ही जागा मला सुचायलाच हवी होती असं ती म्हणाली. पुढची सीट दोन आसांच्या मधोमध येते, रस्ता समोर दिसतो, वरचा हँडल धरता येतो. अजून एक केलं: एकतर्फी खड्डा चुकवता येणार नसेल तर वेग आधीच उतरवून सावकाश त्यात उतरायचं. आधी मी ऐन खड्ड्यावर ब्रेक मारायचो, त्याने नाक खाली जाऊन दणका वाढायचा.

आता मित्र पुन्हा विचारतोय, ३३ ने एवढा फरक पडला तर २८ ने आणखी पडेल ना?

टायरमिस्त्री

पडेल. थोडा मऊपणा येईल. पण कोणत्या बदल्यात ते त्यांना सांगा.

कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो, वाकण्याने तापतो. भरलेली गाडी, ऊन आणि सलग वेग हे तिन्ही एकत्र आले की आतले थर सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले, त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा बाहेरचा थर, सुटून गाड्या उलटत होत्या. त्या गाडीला फोर्डने २६ पीएसआय सुचवले होते आणि फायरस्टोनचं म्हणणं ३० पाहिजेत असं होतं. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत मोठं भांडण झालं आणि कारणं एकाहून जास्त होती. मला त्यातून एवढंच दिसतं की उंच गाडी, कमी हवा आणि उष्णता यांची गाठ पडू देऊ नये. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला आणि त्यातून पुढे गाडीत टायरची हवा दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली.

त्या यंत्रणेच्या दिव्यावरही विसंबून राहू नका. अमेरिकी नियमात दिवा लागतो तो हवा ठरलेल्या आकड्याच्या २५ टक्के खाली गेल्यावर. म्हणजे ३३ च्या गाडीत २५ च्या आसपास. दिवा बंद आहे याचा अर्थ हवा बरोबर आहे असा होत नाही.

पावसाचं वेगळंच. साचलेल्या पाण्यावर टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागतो याचं एक ढोबळ सूत्र नासाने विमानांच्या टायरवरून काढलं: पीएसआयचं वर्गमूळ गुणिले ९, उत्तर नॉटमध्ये (ताशी सागरी मैल). ३३ ला ते ताशी ९६ किलोमीटरच्या आसपास येतं, २५ ला ८३. मोटारीला हे जसंच्या तसं लागू होत नाही, ट्रेडची खोली आणि टायरची रुंदी मधे येतात, पण हवा उतरली की वेगाची मर्यादा कुठल्या दिशेने सरकते ते कळतं.

हवा थोडी बदलून बघायचीच असेल तर स्टिकरच्या आकड्यापासून वर एक-दोन पीएसआयच्या पट्ट्यात फिरा. खाली जाऊ नका.

मागची सीट

वाटसरू, पुढे बसवलंत हे वाचून फार बरं वाटलं. पुढची सीट मागे सरकवून पाठ थोडी कललेली ठेवा आणि कमरेच्या पोकळीत आधार द्या. पाठ अगदी ताठ असली की दणका सगळा मणक्यावर येतो.

चाकोरीबाहेर

माझी इलेक्ट्रिक गाडी आहे, स्टिकरवर ४२. रस्ता खडबडीत असला की एक पोकळ "हूंऽऽ" असा आवाज येतो. इंजिन नसल्यामुळे जास्तच ऐकू येतो. ३८ वर आणली तर जाईल का?

धुरा

नाही जाणार. बॅटरीच्या वजनामुळे तुमच्या गाडीला ४२ लागतात, ते कमी करू नका. आणि हा आवाज टायरच्या आत कोंडलेल्या हवेचा आहे. टायरच्या आतल्या गोल पोकळीचा घेर पावणेदोन मीटरच्या जवळपास. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, भागाकार केला की सेकंदाला दोनशेच्या आसपास कंपनं येतात. तोच तुमचा सूर. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो, दाबावर नाही. म्हणून हवा कमी-जास्त केली तरी सूर हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे आतून फोमची पट्टी चिकटवलेले टायर. ते बदलायच्या वेळी मागा. फक्त पंक्चर काढताना फोम तेवढ्या जागेपुरता काढावा लागतो, हे आधी सांगून ठेवा.

ओझं

उशिरा आलो. माझ्याकडे पिकअप आहे, मागे पाट्यांचे स्प्रिंग. रिकामी असली की मागचा भाग अक्षरशः उड्या मारतो, अर्धा टन माल टाकला की छान चालते. बायको रिकाम्या गाडीत बसायला तयार नाही. मागे ६५ हवा आहे, कायम.

टायरमिस्त्री

तुमच्या स्टिकरवर दोन ओळी असतील, एक रिकाम्या गाडीची आणि एक भरलेलीची. पिकअपमध्ये त्यांच्यातला फरक फार मोठा असू शकतो. ६५ हा भरलेल्याचा आकडा दिसतोय. रिकामी न्यायची असेल तेव्हा वरच्या ओळीत जे असेल तेवढीच ठेवा.

धुरा

पाट्यांचे स्प्रिंग पूर्ण मालासाठी बनवलेले असतात. माल नसला की तेवढ्याशा वजनाला ते फार कडक पडतात, मागचं टोक भरभर उसळतं, आणि ते उसळणं उभ्या हालचालीच्या हळव्या टापूकडे सरकतं. माल टाकला की वजन वाढतं, उसळणं संथ होतं. टायर योग्य आकड्यावर आणून तीक्ष्ण दणका कमी होईल, उसळणं थोडं राहील. पाट्यांमध्ये गंज आणि माती साचली असेल तर त्या एकमेकींवर सरकत नाहीत आणि छोट्या खड्ड्याला स्प्रिंग हलतच नाही. त्या उघडून साफ करून घ्या, मधल्या प्लास्टिकच्या चकत्या झिजल्या असतील तर बदला. रिकाम्या पिकअपमध्ये याने पुष्कळ फरक पडतो.

ओझं

स्टिकर बघितला. रिकाम्यासाठी मागे ३५ लिहिलंय! उद्या सकाळी थंड टायरवर करतो आणि पाट्या उघडायलाही देतो.

टायरमिस्त्री

करा. आणि माल भरायच्या आधी परत ६५ करायचं तेवढं लक्षात ठेवा. ३५ वर अर्धा टन टाकून निघू नका. वाटसरू, तुम्हालाही तेच: मागे तिघं आणि डिकीत सामान असेल त्या दिवशी मागची दोन चाकं ३८.